मंडळींतला चोर

चार चिठ्ठ्या, त्यांवर राजा, प्रधान, चोर आणि शिपाई अशीं चार नांवें, आणि ओंजळींत खुळखुळवून त्या जमिनीवर टाकणारा एखादा हात, एवढ्या साहित्यावर महाराष्ट्रांतील मुलांच्या कित्येक पिढ्यांनीं पावसाळ्यांतल्या दुपारी घालविल्या आहेत. ज्याच्या वांट्यास चोराची चिठ्ठी येते त्यानें चेहऱ्यावरची रेषा हलूं न देतां बसावयाचें, आणि शिपायानें उरलेल्यांतून चोर ओळखावयाचा. ओळखतां आला नाहीं तर शिपायाचे गुण चोराच्या पदरांत पडतात. या खेळांत चोर झालेल्या मुलाचा राग कोणालाहि येत नाहीं. तें चोरपण त्यानें मागून घेतलेलें नसतें. चिठ्ठीनें तें त्याला दिलेलें असतें, आणि पुढच्या डावांत तें दुसऱ्याकडे जावयाचें असतें. शिवाय या चोरानें कोणाचें कांहीं चोरलेलेंहि नसतें.

आतां याच्या शेजारीं दुसरा एक खेळ ठेवून पाहावा. मुठेच्या कांठचें वारजें हें गांव १९९७ सालीं पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें, आणि जेथें शेतें होतीं तेथें सदनिकांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. अशा एखाद्या सदनिकेंत रविवारच्या दुपारीं पांच-सहा तरुण मंडळी जेवणाच्या टेबलाभोंवतीं बसलेली आहेत, मध्यें कागद, पेन्सिली आणि वीस पैलूंचा एक फांसा आहे, आणि तासन् तास नुसतें बोलणें चाललें आहे, असें दृश्य कल्पावें. घरांतल्या वडीलधाऱ्यांना तो प्रथम अभ्यास वाटतो, मग नाटकाची तालीम वाटते, आणि शेवटीं कळतें कीं हा खेळ आहे. मग एखाद्या रविवारीं त्याच टेबलावरून एक जण ताडकन् उठतो आणि चपला पायांत सरकवून निघून जातो. विचारलें तर उत्तर येतें, “त्यानें माझी अंगठी चोरली.” अंगठी कोठें आहे म्हणून विचारावें, तर ती कोठेंच नाहीं. नसलेल्या अंगठीसाठीं असलेली मैत्री कां मोडावी, हें समजून घ्यावयाचें तर या खेळाची रचना आधीं ध्यानांत घेतली पाहिजे.

या जातीच्या खेळांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. मराठींत ‘सोंगांचा खेळ’ म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं. प्रत्येक खेळाडू एक सोंग, म्हणजे एक पात्र, घेतो. कोणी लढवय्या होतो, कोणी जादूगार, कोणी जखमा बऱ्या करणारा पुरोहित. पात्राचें बळ, चपळाई, बुद्धि हीं सारीं आंकड्यांनीं कागदावर मांडलेलीं असतात. एक जण मात्र पात्र न घेतां सूत्रधार होतो. संस्कृत नाटकांतला सूत्रधार प्रस्तावना संपली कीं आंत जातो. हा बिचारा शेवटपर्यंत बसून असतो. “पुढें लोखंडी दार आहे,” असें तो सांगतो. “मी दाराला कान लावतों,” असें खेळाडू म्हणतो. पलीकडचें कांहीं ऐकूं आलें कीं नाहीं, तें फांसा ठरवितो. पत्ते, बुद्धिबळ किंवा व्यापार या खेळांत समोर बसलेला माणूस हा प्रतिपक्ष असतो. येथें खेळाडूंमध्यें प्रतिपक्षच नाहीं. सगळ्यांची मिळून एक मंडळी असते, जुन्या नाटक मंडळीसारखी, आणि तिनें एकत्र भुयारांत उतरावयाचें, संकटांशीं झुंजावयाचें आणि खजिना घेऊन वर यावयाचें. हा डाव एका बैठकींत संपत नाहीं. तेंच पात्र घेऊन महिनोन् महिने, क्वचित् वर्षानुवर्षें, खेळत राहावयाचें असतें. पात्राला मिळालेली एखादी अंगठी ही अशा वीस-पंचवीस रविवारांची कमाई असते. तिला कोणी “खोटी” म्हटलें तर खेळणाराला तें पटत नाहीं, आणि त्याचें तें न पटणें सर्वस्वीं बाष्कळहि नाहीं.

अशा मंडळींत बहुधा एक चोर असतो. तो हवाच असतो. बंद पेटींचीं कुलुपें कोण उघडणार? फरशीखालीं दडविलेला सापळा पाय पडण्यापूर्वीं कोण हेरणार? अंधारांत पुढें सरकून शत्रु किती आहेत तें कोण मोजून येणार? लढवय्याच्या चिलखताचा आवाज दहा कोसांवरून ऐकूं येतो. त्याला पुढें पाठविण्यांत अर्थ नसतो. चोराचें काम असें उपयोगाचें आहे, आणि खेळणारालाहि तें गमतीचें वाटतें.

कलह उत्पन्न होतो तो पुढील प्रकारें. इतर सर्व जण राक्षसाशीं झुंजत असतां चोर पेटीपाशीं पोंचतो. त्याचा खेळाडू कागदाच्या कपट्यावर कांहींतरी लिहितो आणि घडी करून सूत्रधाराच्या हातांत देतो : “पेटींतली अंगठी मी गुपचूप कमरेला लावतों.” सूत्रधार वाचतो, गालांतल्या गालांत हंसतो, आणि फांसा टाकण्याची खूण करतो. टेबलाभोंवतीं बसलेल्या बाकीच्यांना डोळे आहेत. चिठ्ठी गेलेली त्यांनीं पाहिली, फांसा पडलेला पाहिला, आणि काय झालें असावें तें त्यांच्या ध्यानांत आलें. पण त्यांचे हात बांधलेले असतात. खेळाडूला जें ठाऊक आहे पण पात्राला ठाऊक नाहीं, त्याच्या आधारें पात्रानें वागूं नये, असा या खेळांतला सभ्यपणाचा संकेत आहे. लढवय्यानें चोराकडे पाठ केलेली होती, तेव्हां त्याच्या खेळाडूनें सगळें दिसत असूनहि गप्प बसावें, अशी अपेक्षा असते. आणि जो सचोटीनें खेळतो तो खरोखरच गप्प बसतो. या चोरीला बळ मिळतें तें इतरांच्या सचोटीचें. जो अप्रामाणिकपणें खेळेल तो लगेच “थांब, तुझी कंबर दाखव,” म्हणून मोकळा होईल; जो प्रामाणिक आहे तोच लुबाडला जाईल. चिडण्याचें खरें कारण येथें आहे. अंगठी हें निमित्त असतें.

याउपर चोराच्या खेळाडूचें एक ठरलेलें उत्तर असतें, आणि जगांत जेथें जेथें हा खेळ खेळला जातो तेथें तेथें तें थोड्याफार फरकानें ऐकूं येतें : “माझें पात्रच तसें आहे, मी काय करूं?” चिठ्ठ्यांच्या खेळांतल्या मुलानें हें म्हटलें असतें तर तें शोभलें असतें, कारण त्याच्यावर सोंग खरोखरच लादलेलें होतें. येथें तसें नाहीं. पात्र आकाशांतून पडत नाहीं. तें चोर असावें हें खेळाडूनें ठरविलें, लोभी असावें हें त्यानेंच ठरविलें, आणि मित्रांच्याच पिशवींत हात घालणारें असावें हेंहि त्यानेंच ठरविलें. त्या लोभाला एखादी मर्यादा लिहिण्यास त्याला कोणी अडविलें नव्हतें.

तथापि सगळा दोष पोरांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. या कलहाचें बीं खेळाच्या जुन्या पुस्तकांतच पडलेलें आहे. या प्रकारचा पहिला छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अमेरिकेंत १९७४ सालीं निघाला. त्याचे कर्ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. पहिल्या तीन पुस्तिकांत चोर नव्हताच. लढवय्या, जादूगार आणि पुरोहित एवढेच वर्ग होते. चोर आला तो पुढच्या वर्षीं, १९७५ सालीं, ‘ग्रेहॉक’ नांवाच्या पुरवणींत. मौज अशी कीं, अन्याय पाहून स्वस्थ न बसणारा, शपथेनें बांधलेला असा जो पॅलडिन नांवाचा व्रतस्थ वीर, तोहि त्याच पुरवणींतून आला. एकाच पुस्तिकेनें चोर आणि साधु यांस एका टेबलाशीं बसविलें, आणि त्यांनीं एकमेकांशीं कसें नांदावें हें मात्र ज्याच्या त्याच्या घरावर सोंपविलें. पुढें १९७८ च्या नियमपुस्तकांत या वीरानें सज्जनांखेरीज कोणाची संगत दीर्घकाळ धरूं नये असा निर्बंध आला, आणि त्याच पुस्तकानें बहुतेक चोरांना सज्जनांच्या वर्गाबाहेर ठेवलें. असे दोन खेळाडू एकाच संध्याकाळीं जमले म्हणजे सूत्रधाराची काय अवस्था होत असेल, तिची कल्पना करावी.

त्याच १९७८ च्या पुस्तकांत चोराच्या कसबांचा एक तक्ता आहे. नवशिक्या चोराला कुलूप उघडण्याची मूळ संधि शेंकडा २५, सापळा शोधण्याची वा निकामी करण्याची शेंकडा २०, सावलींत लपण्याची अवघी शेंकडा १०, आणि खिसा कापण्याची शेंकडा ३०. भिंत चढणें सोडलें, तर या बापड्याला त्यांतल्या त्यांत बरें असें जें येतें तें खिसा कापणें! आतां भुयारांत खिसे कोणाला असतात? सांपळ्याला खिसा नाहीं, अजगराला खिसा नाहीं, भिंतीवरच्या शेवाळ्यालाहि नाहीं. खिसे असतात ते बरोबरच्या सोबत्यांना. हातांत कात्री देऊन अंधाऱ्या खोलींत चार मित्रांबरोबर कोंडलें, आणि मग सदरे कां कातरले म्हणून विचारलें, तर उत्तर काय यावें?

दुसरी गोष्ट पैशाची. त्या काळच्या नियमांत पात्राची प्रगति अनुभवाच्या गुणांवर मोजली जाई, आणि ते गुण शत्रूला हरविल्यापेक्षां खजिना आणल्यानें अधिक मिळत. साधारणतः एका सुवर्णनाण्यामागें एक गुण. ‘ग्रेहॉक’मधील चोर १,२०० गुणांत दुसऱ्या पायरीवर जाई, तर लढवय्याला त्यासाठीं २,००० गुण लागत. सोनें म्हणजे नुसती संपत्ति नव्हती. ती पुढच्या इयत्तेंत जाण्याची चिठ्ठी होती. सोबत्याच्या वांट्याचीं नाणीं लांबविणें म्हणजे वर्गमित्राचे मार्क आपल्या नांवावर लावून घेणें. असल्या चोरीला ‘गंमत’ म्हणून सोडून देणें मोठ्या मनाच्या माणसालाहि जड जावें. पुढच्या आवृत्त्यांतून हे नियम पुष्कळ बदलले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत तर ‘थीफ’ हें वर्गाचें नांवहि जाऊन त्या जागीं ‘रोग’ हा इंग्रजी शब्द आला. त्याचा अर्थ लबाड, लफंगा असा आहे. पण देवनागरींत लिहिला असतां तो जसा वाचला जातो, तसा अनुभव आलेल्या मंडळीहि आहेत.

आपल्याकडील सुशिक्षित घरांना चोराचें सोंग परकें नाहीं. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’ंतला शर्विलक, ज्याला गोविंद बल्लाळ देवलांनीं मराठी रंगभूमीवर आणून घरोघर पोंचविलें, तो तर चोरीचा शास्त्री आहे. चारुदत्ताच्या घराची भिंत कोठें फोडावी, भोंक कोणत्या आकाराचें पाडावें, याचा तो सांगोपांग विचार करतो, आणि मोजमापाची दोरी विसरली म्हणून गळ्यांतल्या जानव्यानें माप घेतो. चोरी कशासाठीं? वसंतसेनेची दासी मदनिका हिला दास्यांतून सोडवावयाचें, म्हणून. आणि चोरतो काय? तर वसंतसेनेनेंच चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवलेले अलंकार! जिला सोडवावयाचें तिच्याच मालकिणीचे दागिने तो तिच्यापुढें नेऊन ठेवतो. टेबलावरच्या चोराहून ही स्थिति फार निराळी नाहीं, आणि तरी प्रेक्षक शर्विलकावर रागावत नाहींत. उलट त्याचा प्रवेश रंगला नाहीं तर हळहळतात.

याचें कारण असें कीं, नाट्यगृहांत लुबाडला गेलेला मनुष्य खुर्चींत बसलेला नसतो. चारुदत्ताचें नुकसान होतें तें रंगमंचावर, आणि मजा पाहणारे तिकीट काढून आलेले असतात. सोंगांच्या खेळांत प्रेक्षक आणि चारुदत्त हे एकच. ज्याचे दागिने गेले त्यानेंच चोरीचें कसब पाहून वाहवा म्हणावें, अशी चोराच्या खेळाडूची इच्छा असते. ती पुरी होऊं शकते, पण त्यासाठीं चारुदत्ताला आधीं विचारलें पाहिजे. शिवाय नाटककारानें शर्विलकाच्या चोरीला पुढें काय वाट काढून दिली, तेंहि पाहण्यासारखें आहे. मदनिका दागिने ओळखते, त्याची कानउघाडणी करते, आणि ते चारुदत्ताकडून आल्यासारखे वसंतसेनेला परत द्यावयास लावते. वसंतसेनेनें तें सारें आडून ऐकलेलें असतें, आणि ती मदनिकेला मुक्त करून त्याच्या हवालीं करते. हाच शर्विलक शेवटच्या अंकांत चारुदत्ताच्या सुटकेच्या प्रसंगीं येऊन उभा राहतो. चोरी कथेच्या उपयोगीं पडली. अंगठी कमरेला लावून वर्षभर गप्प बसणाऱ्या चोरापासून कोणतीच कथा निघत नाहीं. निघतो तो फक्त संशय.

गोकुळांतल्या चोराचेंहि असेंच. त्यानें लोणी चोरलें तें शिंक्यावरचें, दुसऱ्याच्या घरचें. आणि खाल्लें तें सवंगड्यांबरोबर. काला झाला तो त्यामुळें. पेंद्याच्या शिदोरींत हात घालून त्यानें एकट्यानेंच घास मारला असता, तर गोपाळांनीं त्याला पुन्हां खांद्यावर चढूं दिलें असतें कीं नाहीं, याची शंका आहे. दहीहंडीच्या थरांतला वरचा गडी हंडी फोडतो हें खरें, पण खालचा थर हलला तर तो आधीं पडतो.

दख्खनच्या खेड्यांतून पूर्वीं याहून रोखठोक व्यवस्था होती. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टननें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत गांवच्या जागल्याचें वर्णन आहे. चोरी झाली कीं जागल्यानें पावलांचा माग काढावयाचा. माग शेजारच्या गांवच्या शिवेंत गेला तर तेथील जागल्यावर जबाबदारी जावयाची. आणि चोर सांपडला नाहीं तर नुकसान भरून देण्याचा बोजा, ऐपतीप्रमाणें, राखण करणाऱ्यावर पडावयाचा. चोरवाटा ज्याला ठाऊक, त्यालाच राखणीचा जिम्मा दिला जाई. सूत्रधारांनीं ही युक्ति उचलावी असें वाटतें. चोराला मंडळीचा राखणदार करावें. रात्रीं पहारा त्याचा, सरायींत कोणी परका पिशवीजवळ आला तर तें हेरण्याचें काम त्याचें, आणि मंडळीची वस्तु गेली तर माग काढण्याची जोखीमहि त्याचीच. खिसा कापण्याचें कसब वायां न जातां शत्रूच्या सरदाराच्या कमरेची किल्ली काढण्यास उपयोगीं पडतें, आणि सगळें टेबल श्वास रोखून त्या एका फांशाकडे पाहत राहतें.

कांहीं सूत्रधार यापेक्षां सोपा मार्ग धरतात आणि आपसांतल्या चोरीला सरसकट बंदी करतात. त्यानें शांतता लाभते, पण कांहीं वेळां चोर अगदींच अळणी होतो. दुसरे याच्या उलट टोंकाला जातात : चोरानें आगळीक केली कीं त्याच्यावर आकाशांतून वीज पाडतात किंवा त्याला शहरकोतवालाकडून सुळावर चढवितात. हा उपाय सर्वांत वाईट म्हटला पाहिजे. भांडण दोन मित्रांमधलें असतें, आणि शिक्षा होते ती एका काल्पनिक पात्राला. चोराचा खेळाडू दुसरें पात्र लिहून आणतो आणि तेंहि चोरच असतें. अशा वेळीं पुस्तकें मिटून, चहा ठेवून, दोघांना त्यांच्या खऱ्या नांवांनीं हांक मारून बोलतें करावें, हें बरें. आणि बोलणें व्हावयाचेंच तर तें आधीं व्हावें. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांनीं २०२० सालीं काढलेल्या एका पुस्तकांत, प्रत्यक्ष खेळ सुरू होण्यापूर्वीं एक शून्यावी बैठक घ्यावी आणि कोणाला काय रुचतें, काय रुचत नाहीं, तें तींत ठरवावें, असा सल्ला विस्तारानें दिलेला आहे. जाणत्या खेळाडूंत ही चाल त्यापूर्वींपासून होती. लग्नाच्या याद्या करणाऱ्या लोकांना हा शहाणपणा कोणी शिकवावयास नको.

त्या बैठकींत एक गोष्ट ठरली तरी पुष्कळ झालें. एका पात्रानें दुसऱ्याविरुद्ध कांहीं करावयाचें म्हटलें, तर तें साधलें कीं फसलें याचा निर्णय फांशावर न सोंपवितां, ज्याच्याविरुद्ध करावयाचें त्याच्या खेळाडूनें द्यावा. “मी तुझ्या पिशवींत हात घालतों, तुला काय वाटतें?” असें उघड विचारावें. तो म्हणेल, “घाल, पण तुझ्या हाताला माझ्या आईचें पत्र लागूं दे,” आणि तेथून एक निराळाच प्रवेश सुरू होईल. किंवा म्हणेल, “मी जागा आहें,” आणि प्रश्न मिटेल. सूत्रधाराकडे जाणाऱ्या गुप्त चिठ्ठ्या मात्र आपसांतल्या चोरीपुरत्या तरी बंद कराव्यात. टेबलावर गुपित आणि भुयारांत उघडकी यापेक्षां भुयारांत गुपित आणि टेबलावर उघडकी ही रीति कितीतरी सुखाची आहे.

आपसांतलें कपट हेंच ज्यांचें रंजन, असे खेळहि निघालेले आहेत. १९८४ सालच्या ‘पॅरानोइया’ या खेळांत प्रत्येक पात्र छुपें द्रोही असतें, सोबत्यांना दगा देणें हेंच अपेक्षित असतें, आणि मरण इतकें स्वस्त कीं एकेकाला सहा-सहा देह दिलेले असतात. तेथें कोणी चपला घालून निघून जात नाहीं, कारण काय वाढून ठेवलें आहे तें पानावर बसण्यापूर्वींच सर्वांना माहीत असतें. याच्या उलट, २०१७ सालीं पुस्तकरूपानें आलेल्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या खेळांत सगळेंच चोर आहेत. साऱ्या टोळीचा मिळून एक वेगळा कागद असतो, आणि टोळीची पत, तिचा अड्डा, तिचे वैरी त्यावर मांडलेले असतात. सगळेच चोर झाल्यावर चोरण्यास बाहेरचें जग उरतें, आणि मंडळी आपोआप एक होते.

आपल्या टेबलावर तसा कागद नसला तर एक साधी वही चालते. प्रत्येक मोहिमेनंतर खजिन्याची यादी तींत लिहावी, माणशी एक वांटा धरावा, आणि एक जादा वांटा औषधें, मशाली, दोर यांसाठीं सामाईक ठेवावा. अंगठीसारखी न वांटतां येणारी वस्तु कोणाकडे आहे तें समोर नोंदावें. अशी वही बहुधा सर्वांत सरळ मुलाकडे सोंपविली जाते. ती चोराच्या खेळाडूकडे देऊन पाहावी. बेरीज-वजाबाकी त्यालाच उत्तम येत असते, आणि एकेका नाण्याचा हिशेब बाकीचे चौघे खांद्यावरून वांकून पाहत असतांना त्याचें पात्र भुयारांत काय काय करून आलें, तें सांगण्याची त्याला उबळहि येते.